डावीकडची मोकळी जागा

आमच्या घरात फोटो उदंड आणि बाबांचा एकही नाही, हे बाबा गेल्यावर दोन महिन्यांनी आमच्या लक्षात आलं. बाहेरच्या खोलीत लावायला आईला त्यांचा फोटो हवा होता. जवळ होता तो बस आगाराच्या ओळखपत्रावरचा. हनुवटीवर गोल शिक्का आणि चेहरा नुकतंच पाकीट मारलं गेल्यासारखा. "हे असे कधी दिसायचे?" म्हणून आईनं तो परत कपाटात ठेवून दिला. जुने अल्बम होते, पण गच्चीवरची टाकी फुटली त्या वर्षी ते भिजून लगदा झाले होते.

"कॉम्प्युटरमध्ये असेलच की," आई म्हणाली. "चोवीस वर्षांचे आहेत. हसतानाचा एक शोधून दे मला."

नसणार, हे मी तिला तेव्हाच सांगू शकले असते. कॅमेरा घरात आला तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि तेव्हापासून फोटो बाबाच काढायचे. काढणारा फोटोत येत नाही, एवढी साधी गोष्ट. पण आईनं आयुष्यात माझ्याकडे मागितलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. मी हो म्हटलं. आरशात, खिडकीच्या काचेत, कुणाच्या गॉगलमध्ये कुठेतरी बाबा सापडतील, तेवढेच मोठे करून, उजळून घेऊ असा माझा हिशेब होता.

मी एका रुग्णालयात क्ष-किरण तंत्रज्ञ आहे. दिवसाला साठ-सत्तर माणसं माझ्यासमोर उभी राहतात, मी त्यांना श्वास रोखायला सांगते आणि मग सोडायला सांगते. सोडायला सांगायचं राहिलं तर काही जण लाल होईपर्यंत रोखून धरतात. डावं-उजवं चुकणं आमच्यात महापाप. दुसरी शिस्त म्हणजे कापणं. मनगट बघायचं असेल तर मनगटच दिसलं पाहिजे, आजूबाजूचं सगळं छाटायचं. बारा वर्षांत ही सवय इतकी अंगात भिनली आहे, की कुठलंही चित्र समोर आलं की माझा हात आधी त्याच्या कडांकडे जातो.

त्या रविवारी सकाळी मी मागच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसले. चौदा हजार फोटो होते. फोल्डरची नावं 'नवीन', 'नवीन दोन', 'खरं नवीन', 'हे बघू नका'. शेवटच्यात फक्त गॅसच्या पावत्या होत्या. बाबांनी आगारात तीस वर्षं बसगाड्यांची वेळापत्रकं लावली, एक गाडी दुसरीच्या अंगावर जाऊ दिली नाही, आणि घरी हा उकिरडा. मला हसू आलं आणि मग बसवेना. उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या आणि परत बसले.

पद्धत ठरवून घेतली. आधी वर्षांप्रमाणे लावायचे, मग दुहेरी आलेले नि हललेले काढून टाकायचे, मग उरलेले सरळ करायचे, कडा छाटायच्या, उजेड वाढवायचा. प्रत्येक बदल मूळ फोटोवरच साठवायचा, म्हणजे एकाच्या चार प्रती होत नाहीत. दिवसाच्या शेवटी कचरापेटी रिकामी. कामावर मला यासाठी सगळे नावाजतात.

आईचं तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. पडद्याकडे बघायची तिला तीन आठवडे बंदी होती. ती पलीकडच्या खोलीत गडद चष्मा लावून बसायची, मी दिवसातून चार वेळा थेंब घालायचे आणि प्रत्येक वेळी ती विचारायची, "सापडले का?" मी म्हणायचे, "शोधतेय."

शोधत खरंच होते. आरशांत आमची खोली दिसे, माणूस नाही. काचांमध्ये झाडं. गॉगलमध्ये आभाळ. त्यातल्या त्यात आशा होती ती तळ्याच्या फोटोंची. दर वर्षी आम्ही एकाच तळ्यावर जायचो. तळं एवढं मोठं, की पलीकडचा काठ दिसत नाही, नुसती पाण्याची सरळ रेघ. बाबांना वेळापत्रकाचं वेड, त्यामुळे तोच आठवडा, तीच गाडी, काठावरचा तोच सिमेंटचा सपाट ओटा. मधोमध आई, तिच्यापुढे माझा धाकटा भाऊ, फोटोच्या उजव्या बाजूला मी. बाबा समोरून "हलू नका" म्हणायचे, तीनपर्यंत मोजायचे आणि दोनलाच बटण दाबायचे. म्हणून धाकट्याचं तोंड प्रत्येक फोटोत अर्धं उघडं आहे.

बाबांना फोटोचं अंग मात्र नव्हतं. प्रत्येक फोटोत डावीकडे एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी सोडलेली. आम्ही तिघं उजवीकडे दाटीवाटीनं आणि डावीकडे नुसतं पाणी. तळ्यावरच नाही, घरातही, जिन्यातही, स्टेशनच्या बाकावरही. मी ती जागा कापत गेले. आई मधोमध आली की फोटो कसा नीटनेटका दिसे. तीन रविवारांत मी असे शेकडो फोटो छाटले. फार बरं वाटायचं.

तिसऱ्या रविवारी तळ्याचे फोटो सरळ करत होते. त्यासाठी पडद्यावर एक आडवी रेघ मिळते. ती पाण्याच्या रेघेवर बसवली की वाकडा फोटो सरळ होतो. पहिल्या वर्षीच्या फोटोवर रेघ बसवली आणि माझा हात थांबला. रेघ आईच्या छातीवरून जात होती.

आमच्या कामात यंत्र किती उंचीवर आहे याला फार महत्त्व असतं, म्हणून हे मला दिसलं. एरवी कुणाच्या लक्षात येत नाही. सपाट जागी उभं राहून फोटो काढला, की दूरची पाण्याची रेघ समोरच्या माणसाला कॅमेऱ्याच्या उंचीवरच कापते. बाबा सहा फूट होते आणि आई जेमतेम पाच. रेघ तिच्या डोक्याच्या चांगली वरून जायला हवी होती. वाकले असतील, म्हटलं. मुलं लहान, मांडी टेकून काढला असेल.

पुढच्या वर्षी रेघ आईच्या काखेशी होती. त्याच्या पुढच्या वर्षी खांद्यावर. मग गळा. मग हनुवटी. मी एका पावतीच्या पाठीवर आकडे मांडले. दर वर्षी दोन इंच, कधी अडीच, एका वर्षी तर तीन. आठव्या वर्षी रेघ आईच्या कपाळाला टेकली आणि तिथून पुढे सोळा वर्षं तिथंच राहिली.

बाबा दर वर्षी थोडे कमी वाकत गेले, असं मानायचं तर मानता येत होतं. पण वाढीचे आकडे मी रोज बघते. लहान मुलांच्या हाडांवरून वय ठरवायला माझ्याकडे पाठवतात. हे आकडे कुणाच्या वाकण्याचे नव्हते.

मी उठले, पाणी प्यायले, खिडकी उघडली, बंद केली. आईला थेंब घालायला अजून तासभर होता, तरी जाऊन घालून आले. परत बसले तेव्हा फोटो मोठा करून ठेवला होता तसाच होता. या वेळी मी आईकडे न बघता स्वतःकडे बघितलं.

आठ वर्षांची मी, दोन वेण्या, उन्हानं बारीक केलेले डोळे. पाण्याची रेघ बरोबर माझ्या डोळ्यांतून जात होती.

नऊ वर्षांची मी. डोळ्यांतून. बाराची, सोळाची, नोकरीला लागले त्या वर्षीची. प्रत्येक फोटोत रेघ एका बुबुळातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडत होती. कॅमेरा धरणाऱ्याचे डोळे दर वर्षी नेमके माझ्या डोळ्यांएवढेच उंच होते.

मी धाकट्याला फोन लावला. तो दुसऱ्या शहरात असतो, औषधांच्या दुकानात कामाला आहे आणि रविवारी झोपलेला असतो. इकडचं तिकडचं बोलून मी अगदी सहज विचारलं, तळ्यावर आपले फोटो कोण काढायचं रे?

"कोण म्हणजे? तूच," तो जांभई देत म्हणाला. "दोनलाच बटण दाबायचीस. माझं तोंड कायम उघडं."

मी म्हटलं, बाबा काढायचे. तो म्हणाला, बाबांना कॅमेरा कुठल्या बाजूनं धरायचा हे कळायचं नाही, ते आईजवळ उभे असायचे. हा लहानपणापासून माझी टिंगल करत आलाय, तेव्हा मी चिडून फोन ठेवला. मला स्वच्छ आठवत होतं. सिमेंटचा तो तापलेला ओटा, तळव्यांना लागणारा चटका, माझ्या दंडाला लागलेली आईची कोपर. समोर बाबा. त्यांचा चेहरा कॅमेऱ्यामागे.

कॅमेऱ्यामागे. म्हणजे चेहरा मला कधी दिसलाच नव्हता.

त्या आठवड्यात माझ्या हातून कामावर एक चूक झाली. उजव्या गुडघ्याच्या फोटोवर मी डाव्या बाजूचं 'एल' अक्षर लावलं. डॉक्टरांनी लगेच ओळखलं, पण बारा वर्षांत पहिल्यांदाच.

शुक्रवारी आईचा नवा चष्मा आला. शनिवारी दुपारी ती स्टूल ओढून माझ्या शेजारी येऊन बसली. केस नीट विंचरलेले, जणू कुणाला भेटायला आली होती. "दाखव," ती म्हणाली. मी सर्वांत चांगला जमलेला फोटो उघडला. ती मधोमध, धाकटा पुढे, उजवीकडे मी.

आई पडद्याच्या आणखी जवळ सरकली. मग म्हणाली, "पुढचा." मी पुढचा दाखवला. "पुढचा." मग तिनं माझा हात माउसवरून बाजूला केला आणि स्वतःच एकामागून एक बघत गेली. तिला धड वापरता येत नाही, तरी बघत गेली.

"तू ह्यांना का कापलंस?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, आई, तिथं कुणी नव्हतं, नुसती मोकळी जागा होती. ती ओरडली असती तर मला चाललं असतं. तिनं फक्त पडद्याला बोट लावलं, स्वतःच्या खांद्यावर. "आणि ही काय? बोटं राहिलीत बघ त्यांची."

मला बोटं दिसत नव्हती. मी तो खांदा मोठा केला, आणखी मोठा केला. खांद्यावर आईचा निळा सुती कपडा होता. कपड्यात ओळीनं चार हलके खळगे पडले होते आणि त्यांच्याभोवती सुरकुत्या ओढल्या गेल्या होत्या.

मी दुसरा फोटो मोठा केला. हिरवा कपडा. चार खळगे.

स्वेटर. लोकर चार जागी दबलेली.

आई उठून आत गेली. मी संध्याकाळपर्यंत कापलेलं परत मिळवायचा प्रयत्न करत होते. मिळालं नाही. मूळ फोटोंवरच साठवलेलं, पेटी रिकामी केलेली, कॅमेऱ्यातलं कार्ड दर वर्षी पुसलेलं. माझी शिस्त पक्की होती. पलीकडच्या खोलीतून रडण्याचा आवाज येत नव्हता आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती. नवऱ्याचा हसतानाचा एक फोटो मागितला होता तिनं. मी तिच्या नवऱ्याला चोवीस वर्षांतून कापून काढलं होतं, आणि तेही नीटनेटकं.

एक फोटो वाचला होता. रविवारी सकाळी तो सापडला. बॅटरी बदलल्यावर कॅमेऱ्याची तारीख बिघडली होती, म्हणून गेल्या वर्षीच्या तळ्याचा एक फोटो पार पहिल्या वर्षाच्याही आधी जाऊन बसला होता, माझ्या कात्रीच्या वाटेबाहेर. मी तो उघडला. डावीकडे पाणी. मग आई, थकलेली. तिच्यामागे धाकटा, आता तिच्याहून वीतभर उंच. उजवीकडे मी.

मी आईला हाक मारली. ती दारातच थांबली. तिथूनच तिनं पडदा बघितला आणि तिचा चेहरा असा सैल पडला, जसा मी बाबा गेल्यापासून बघितला नव्हता.

"किती वाळले होते," ती म्हणाली. "पण हसतायत."

मी डावीकडच्या पाण्याकडे बघत राहिले. पाणी होतं. लाटांच्या बारीक रेघा, एक तरंगतं पान. मी ते पान मोठं केलं, उजेड वाढवला, कमी केला, रंग उलटे केले. पानच होतं. माझे बाबा हसत होते आणि मला माझे बाबा दिसत नव्हते.

सोमवारी फोटो छापून कामावर नेला. आमच्याकडे नोंदणीच्या खिडकीवर बसणारी बाई नवी आहे, माझ्या घरचं तिला कुणी माहीत नाही. चहाच्या वेळी मी तो तिच्यापुढे ठेवला आणि यात किती माणसं आहेत ते सांगायला सांगितलं. तिला वाटलं, मी तिचे डोळे तपासतेय. तिनं मोजलं आणि तीन म्हणाली.

तीन. माझ्या जिवात जीव आला. आई, धाकटा आणि मी. तीनच.

"छान आहेत," ती म्हणाली. "आई, मुलगा, आणि हे चष्मेवाले उंच गृहस्थ वडील ना? तू नाहीस का यात?"

मी विचारलं, उजवीकडे काय दिसतं.

"पाणी," ती म्हणाली आणि माझ्याकडे जरा नीट बघितलं. "पाणीच आहे ना?"

मी फोटो पाकिटात घातला. दुपारी चाळीस माणसांना श्वास रोखायला सांगितला आणि सोडायला सांगितला. एकदाही चुकले नाही. घरी आले तेव्हा आई चपला घालून तयार बसली होती. फ्रेमच्या दुकानात जाऊन माप आणलं होतं तिनं, चिठ्ठीवर लिहून. फोटो आडवा होता आणि तिला आवडलेली फ्रेम उभी होती.

आम्ही दोघी कॉम्प्युटरपुढे बसलो. मी चिठ्ठीवरचं माप घातलं. पडद्यावर चौकट आली, ती एका बाजूनं आत घेतल्याशिवाय फोटो मावत नव्हता. आईनं खांद्यावर हात ठेवला माझ्या. किती दिवसांनी ठेवला.

"डावीकडे हात लावू नको हं," ती म्हणाली. "उजवीकडची ती मोकळी जागा तेवढी काप. उगाच रिकामी दिसते."

मी म्हणू शकले असते, आई, तिथं मी आहे. बघ, निळा सदरा, तूच घेतलेला. बघ, तुझी कोपर माझ्या दंडाला लागलीय. पण तिनं मागितलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि तिच्याकडे बाबांचा हा एकच फोटो उरला होता.

मी उजवी कड पकडली आणि आत ओढायला लागले.

कड माझ्या दंडाशी आली. मी जरा थांबले.

"अजून," आई म्हणाली.

खांदा गेला. मग कान. एक डोळा गेला, त्याच्यातून गेलेल्या पाण्याच्या रेघेसकट. उरलेल्या अर्ध्या चेहऱ्यानं फोटोतली मी समोर बघत होते, कॅमेरा धरून उभ्या असलेल्या कुणाकडे तरी, आणि मनापासून हसत होते.

"अजून थोडं," आई म्हणाली. "हां. आता कसे ऐसपैस उभे आहेत."

बदल साठवायचे का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. मी हो म्हटलं. आईनं खांद्यावरचा हात काढून घेतला, चष्मा पुसला आणि वळून खोलीभर बघितलं. दारात, खिडकीशी, माझ्या खुर्चीवरून तिची नजर एकदा फिरली आणि पुढे गेली.

"अगं, फोटो छान झालाय," तिनं आतल्या खोलीच्या दिशेनं हाक मारली. "बघायला ये. कुठे गेलीस?"